विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायला पहिलं घर घेताय? जास्त भाड्यातलं हातात किती उरतं ते आधी पाहा

कॉलेजजवळ घर घ्यायचं, एकेक खोली विद्यार्थ्यांना द्यायची आणि येणाऱ्या भाड्यात बँकेचा हप्ता परस्पर फिटून जायचा. कागदावर हा बेत इतका सरळ दिसतो की पहिल्यांदाच गुंतवणूक करणारा माणूस त्याला हमखास भुलतो. बेत खोटा नाही, पण गणित बहुतेक जण अर्ध्यावर सोडतात. विद्यार्थ्यांकडून भाडं मिळतं खोलीच्या हिशोबाने, खर्च येतो अख्ख्या घराच्या हिशोबाने, आणि कमाईचं वर्ष बारा महिन्यांचंच असेल असं नाही.

आकडे मांडूनच पाहू. घराची किंमत १,००० धरा. रुपये धरा, डॉलर धरा, इथे फक्त प्रमाण बघायचं आहे. हे घर एखाद्या कुटुंबाला दिलं तर महिन्याला ४ भाडं येतं, म्हणजे वर्षाला ४८. किमतीच्या ४.८ टक्के. त्याच घरातल्या चार खोल्या चार विद्यार्थ्यांना प्रत्येकी १.७५ ने दिल्या तर महिन्याला ७ आणि वर्षाला ८४ होतात. ८.४ टक्के! जाहिरातीत आणि एजंटच्या तोंडी असतो तो हा आकडा.

आता यातून वजाबाकी करत जाऊ. परीक्षा संपली की मुलं गावी जातात. करार दहा महिन्यांचा असेल तर ८४ चे ७० झाले. चारपैकी एक खोली अर्धं शैक्षणिक वर्ष, म्हणजे पाच महिने, रिकामी राहिली, तर आणखी पावणेनऊ गेले. उरले सव्वाएकसष्ट. मालमत्ता कर आणि इमारतीचा मेंटेनन्स ६, विमा दीड, दुरुस्ती, रंग आणि फर्निचरची झीज मिळून ८. वीज, पाणी, इंटरनेट भाड्यातच धरलं असेल तर त्याचे ५. देखभालीला माणूस किंवा एजन्सी ठेवली तर आलेल्या भाड्याच्या दहा टक्के, म्हणजे साधारण ६. हातात उरले जेमतेम ३५.

कुटुंबाला दिलेल्या घराचंही गणित करून टाकू. वर्षाला सरासरी पंधरा दिवस घर रिकामं धरलं तर ४८ मधून २ गेले. कर आणि मेंटेनन्स तोच ६, विमा तोच दीड, दुरुस्ती ३. उरले साडेपस्तीस.

म्हणजे कागदावर पावणेदोनपट भाडं असूनही हातात तेवढंच. वर चार जणांच्या चार तक्रारी ऐकायच्या त्या वेगळ्या.

पण इथे थांबून बेत सोडून द्यायचं कारण नाही. तेच घर, तेच विद्यार्थी, फक्त करार बारा महिन्यांचा आणि चौघांचा मिळून एकच केला, तर ८४ पूर्ण येतात. खर्च जाऊन ५५ उरतात. घराची एक वीटही न हलवता ३५ चे ५५ झाले. हे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, तुमचे वेगळे निघतील. पण मुख्य गोष्ट त्यातून दिसते: या धंद्यात नफा घरापेक्षा करारात आणि शैक्षणिक वर्षाच्या तारखांमध्ये असतो. पहिलं घर घेणारे मात्र टाइल्स आणि बाल्कनी बघण्यात वेळ घालवतात.

हप्ता आणि भाडं

'घर स्वतःचा हप्ता स्वतः फेडेल' हे वाक्य सर्रास ऐकू येतं. तपासून बघा. १,००० च्या घरासाठी ७५० कर्ज घेतलं, व्याज ८ टक्के, मुदत वीस वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण ६.२७ येतो, वर्षाला ७५. आपल्याकडे उरतात ३५, फार चांगलं जमलं तर ५५. कमी पडणारे २० ते ४० दरवर्षी पगारातून भरायचे. व्याजदर ५ टक्के असता तरी वर्षाचा हप्ता ५९ च्या पुढे जातो.

हप्त्यातला काही भाग मुद्दल फेडतो, ती एक प्रकारची बचतच असते, हे खरं. पण बचत करायलाही आधी खिशात पैसे लागतात. उलट कर्ज ४०० वर ठेवलं तर त्याच ८ टक्क्यांनी वर्षाचा हप्ता ४० च्या आसपास बसतो. नीट चाललेलं घर तो झेपवतं आणि वर थोडं उरतंही. ढिसाळ चाललेल्या घराला तोही झेपत नाही. माझं मत विचाराल तर पहिल्या घराला बँक जेवढं देते तेवढं कर्ज घेऊ नये. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, कॉट-गाद्या-टेबलं हे सगळं स्वतःच्या पैशातून जातं आणि त्याशिवाय सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असावे लागतात. घर भाड्याने द्यायचं आहे हे बँकेला आणि विमा कंपनीला लेखी कळवा. काही देशांत भाड्याच्या घराचं कर्ज हा वेगळाच प्रकार असतो. आणि स्वतः राहण्यासाठी काढलेली पॉलिसी भाडेकरूने केलेलं नुकसान भरून देईलच असं नाही.

आधी कॉलेज बघा, मग घर

बारा महिन्यांचा करार मुलं का करतील? खोल्या कमी आणि मुलं जास्त असतील तरच. म्हणून घर बघायला जाण्याआधी कॉलेजचा अभ्यास करायचा. बाहेरगावची मुलं किती, वसतिगृहात जागा किती, पहिल्या वर्षाला वसतिगृहातच राहण्याची सक्ती आहे का, नवं वसतिगृह बांधायला घेतलंय का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महागात पडू शकतो. एखाद्या मोठ्या कंपनीने शेजारीच पाचशे खोल्यांचं खासगी हॉस्टेल उभं केलं, तर तुमच्या चार खोल्यांचं भाडं ते ठरवतील, तुम्ही नाही. बांधकाम परवानग्यांची माहिती बऱ्याच ठिकाणी स्थानिक प्रशासनाकडे पाहायला मिळते. एक दुपार त्यात घालवली तर वाया जात नाही.

अभ्यासक्रम कोणता हेही बघायला हवं. वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीची मुलं चार-पाच वर्षं त्याच गावात असतात. एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची मुलं दरवर्षी नवी. पीएचडी करणारे सुट्टीतही प्रयोगशाळेत असतात, त्यांना घर बारा महिने लागतं आणि शांतताही लागते. एजंट त्यांच्याबद्दल फारसं बोलत नाहीत, कारण दरवर्षी भाडेकरू बदलला नाही तर दलालीही मिळत नाही.

एकाच कॉलेजवर अवलंबून असलेल्या घराची जोखीम काय असते ते २०२० च्या मार्चमध्ये जगभर दिसलं. कॅम्पस बंद झाले, मुलं सामान गुंडाळून घरी गेली, वर्ग ऑनलाइन सुरू झाले आणि बँकांचे हप्ते मात्र डोक्यावर राहिले. अशी वेळ वारंवार येत नाही. पण आसपास दोन कॉलेजं, एखादं मोठं रुग्णालय किंवा कार्यालयं असतील तर खोली भरायला दुसरा ग्राहक असतो. तसं ठिकाण थोडं महाग पडलं तरी मी ते घेईन.

मग वेळेचा प्रश्न. शेतकऱ्याची पेरणी चुकली की हंगाम गेला, तसंच हे आहे. प्रवेशाच्या दिवसांत खोली शोधणाऱ्यांची झुंबड असते आणि वर्ग सुरू झाले की बाजार थंड पडतो. त्यामुळे घर विकत घेताना ताब्याची तारीख सत्र सुरू होण्याच्या तारखेपासून मागे मोजत ठरवा. रंग, नळ, वायरिंग, फर्निचर यांना महिना-दीड महिना सहज जातो. जाहिरात त्याहून आधी लागते. विकणाऱ्याने ताबा देताना दोन महिने लावले, तर ते दोन महिने तुम्हाला अख्खं सत्र पडतात. अशा वेळी किमतीत घासाघीस करताना बुडणाऱ्या सत्राचं भाडं सरळ हिशोबात धरा.

घर बघायला गेल्यावर

चार जणांच्या दृष्टीने घर बघण्याची रीत वेगळी असते. सगळ्यात आधी खोल्यांची मापं घ्या. एक मोठी मास्टर बेडरूम आणि तीन काडेपेट्या असं घर कुटुंबाला चालतं, विद्यार्थ्यांना नाही. मोठी खोली कोणाला, यावरून पहिल्याच दिवशी वाद, आणि लहान खोलीचं भाडं कमी करावं लागतं ते वेगळंच. साधारण सारख्या आकाराच्या खोल्या असलेलं साधं घर अशा देखण्या घरापेक्षा जास्त कमावतं. प्रत्येक खोलीत कॉट, टेबल, खुर्ची आणि कपाट ठेवल्यावर दार पूर्ण उघडतं का, ते टेप लावून बघा. प्लग पॉइंट मोजा. टेबलाजवळ दोन आणि कॉटजवळ एक तरी हवाच, नाहीतर मुलं एका एक्स्टेंशन बोर्डाला दुसरा जोडतात आणि आग लागते ती तिथूनच.

बाथरूममध्ये थोडा जास्त वेळ थांबा. सगळे नळ एकदम सोडा, फ्लश ओढा आणि शॉवरचा जोर बघा. सकाळी आठ वाजता या घरात हेच होणार आहे. एक्झॉस्ट पंखा नसेल तर छताचा कोपरा निरखून बघा, ओल आणि बुरशी तिथेच दिसते. विद्यार्थी कपडे घरात वाळत घालतात, खिडक्या बंद ठेवतात, त्यामुळे ओल वाढतच जाते. गॅसचा गीझर बंद बाथरूममध्ये असेल तर तो बाहेर काढा किंवा विजेचा बसवा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग, आणि तो जीव घेतो. धूर ओळखणारा अलार्म स्वस्त असतो. कायद्याने सक्ती नसली तरी लावा.

नंतर घरापासून कॉलेजपर्यंत पायी चालत जा. आणि तेच अंतर रात्री नऊनंतर पुन्हा चाला. दिवे आहेत का, रस्त्यावर वर्दळ असते का, कुत्र्यांची टोळी बसते का. मुलींच्या पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो आणि भाडं बहुतेक वेळा तेच भरतात.

आणखी एक. खोल्या वाढवण्यासाठी हॉलच्या मध्ये भिंत घालायचा मोह होतो. घालायचीच तर परवानगी घेऊन आणि पुन्हा काढता येईल अशी घाला. उद्या विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक म्हणून कुटुंबही यायला हवं. ज्या घराला हॉलच उरलेला नाही त्याला फक्त दुसरा गुंतवणूकदारच घेतो, आणि तो भाव पाडूनच मागतो.

करार: एक की चार?

चौघांशी मिळून एकच करार केला तर भाड्याची जबाबदारी सगळ्यांवर एकत्र आणि प्रत्येकावर पूर्ण, असं कलम घालता येतं. एक जण मध्येच कॉलेज सोडून गेला तर उरलेले तिघं त्याच्या वाट्याचं भाडं भरतील किंवा चौथा शोधतील. तुमच्या दृष्टीने हे सोयीचं. पालकांना मात्र ते आवडत नाही, आणि त्यांच्या जागी असतो तर मलाही आवडलं नसतं. वेगळे चार करार केले तर भाडं थोडं जास्त मिळतं, पण रिकाम्या खोलीचा तोटा तुमचा. हॉल आणि स्वयंपाकघराची साफसफाई हीसुद्धा मग तुमचीच डोकेदुखी, कारण सामाईक जागा कोणाचीच नसते. पहिल्या घराला, चौघं आधीपासून एकमेकांचे मित्र असतील तर, एकच करार बरा.

विद्यार्थ्याला स्वतःचं उत्पन्न नसतं, म्हणून पालकांना लेखी हमीदार करून घ्यायची पद्धत आहे. प्रवेश घेणारी मुलं कधी कधी सतरा वर्षांची असतात, हे विसरू नका. भारतात १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञानाने, म्हणजे अठरा वर्षांखालच्या व्यक्तीने, केलेला करार न्यायालयात टिकत नाही. तिथे पालकाचीच सही लागते.

भांडणं सगळ्यात जास्त होतात डिपॉझिटवरून. उपाय कंटाळवाणा, पण रामबाण आहे. किल्ली देताना प्रत्येक खोलीचे फोटो, वस्तूंची यादी, मीटरचं रीडिंग आणि दोन्हीकडच्या सह्या. गादीवरचा डाग आधीचा की नंतरचा हे मग वादाने ठरवावं लागत नाही. डिपॉझिट किती घ्यायचं हेही सगळीकडे मालकाच्या मर्जीवर नसतं. जर्मनीत मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. न्यूयॉर्क राज्यात २०१९ पासून मर्यादा एका महिन्याची आहे. भारताच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिने सुचवले आहेत. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो.

कायदा तुमचं गणित बदलू शकतो

भाड्याचा हिशोब चार डोक्यांवर केला आणि त्या घरात चौघांना राहायची परवानगीच नसेल तर? हा काल्पनिक प्रश्न नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बेल टेर नावाच्या छोट्या गावाने एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोनपेक्षा जास्त लोकांना एका घरात राहायला मनाई केली होती. घरमालकांनी घर दिलं होतं स्टोनी ब्रूक विद्यापीठाच्या सहा विद्यार्थ्यांना. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७४ साली निकाल गावाच्या बाजूने लागला. असे नियम अमेरिकेतल्या अनेक कॉलेजच्या गावांत आजही भेटतात.

इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या कुटुंबांतले पाच किंवा जास्त लोक एका घरात सोयी वाटून राहत असतील तर ऑक्टोबर २०१८ पासून घरमालकाला परवाना लागतो आणि एका प्रौढाची झोपायची खोली किमान ६.५१ चौरस मीटर असावी लागते. त्याहून लहान खोली तुमच्या हिशोबात असेल तर ती खोडून टाका. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. इमारतीचे स्वतःचे नियम असतात ते वेगळे. ते विकत घेण्याआधी कागदावर मागून वाचा. 'तसं काही नाही हो, सगळेच देतात' हे शेजाऱ्याचं उत्तर पुरेसं नाही.

नियम बदलतातही. इंग्लंडमध्ये २०२५ च्या भाडेकरू हक्क कायद्याने खासगी घरमालकांचे ठरावीक मुदतीचे करार संपवायचा निर्णय घेतला. भाडेकरू दोन महिन्यांची नोटीस देऊन निघू शकतो, म्हणजे वर मांडलेला बारा महिन्यांच्या कराराचा फायदा तिथे तसाच्या तसा धरता येत नाही. म्हणून गणित करताना वाईट बाजूचा आकडा, आपल्या उदाहरणातला ३५, हाच खरा धरा. त्यात जमत असेल तर घर घ्या.

कराचंही तसंच. भारतात मालमत्ता कर वजा केल्यावर उरलेल्या भाड्यातून सरसकट ३० टक्के वजावट मिळते, मग दुरुस्तीला काहीच खर्च झाला नसला तरी. अमेरिकेत जमीन सोडून इमारतीची किंमत साडेसत्तावीस वर्षांत घसारा म्हणून वजा करता येते. ब्रिटनमध्ये मात्र एप्रिल २०२० पासून वैयक्तिक मालकाला कर्जाचं व्याज उत्पन्नातून थेट वजा करता येत नाही, २० टक्क्यांएवढी करसवलत तेवढी मिळते. त्यामुळे जास्त कर वर्गातल्या माणसाचं घर कागदावर नफ्यात आणि खिशात तोट्यात असू शकतं. दुसऱ्या देशातल्या कोणाचा यशाचा हिशोब वाचून घर घेऊ नका, एवढ्यासाठी हे सांगितलं. एका तासाची फी देऊन सनदी लेखापालाकडून स्वतःचे आकडे बघून घ्या.

देखभाल स्वतः करायची की एजन्सीकडे द्यायची, याचं उत्तर तुम्ही किती लांब राहता त्यावर आहे. अर्ध्या तासात पोहोचता येत असेल तर पहिलं वर्ष स्वतः करा. प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि कुलूपवाला असे तीन नंबर हाताशी ठेवा. किल्ली हरवणं हा या भाडेकरूंचा नेहमीचा खेळ आहे. शेजाऱ्यांना स्वतःचा नंबर देऊन ठेवा. रात्री गाणी मोठ्याने लागली तर त्यांनी आधी तुम्हाला फोन करावा, पोलिसांना नंतर. आणि मुलांना तुम्ही कधीही येऊन डोकावाल असं वाटू देऊ नका. भाडं दिल्यावर घर त्यांचं असतं, जायचं तर सांगूनच.

पाच-सात वर्षांनी घर विकायचं ठरलं तर पुढचा गुंतवणूकदार भिंतींच्या आधी कागद मागतो: दर सत्राचे करार, बँकेत जमा झालेलं भाडं, डिपॉझिटचा हिशोब, परवाने, दुरुस्तीची बिलं. ही फाइल नीट असेल तर घरासोबत पुढच्या सत्राचे भाडेकरूही विकता येतात आणि भाव मांडायला तुमच्याकडे आधार असतो. कुटुंबाला विकायचं असेल तर मात्र ताबा सत्र संपल्यावरच देता येईल, तेव्हा जाहिरात त्या तारखेच्या हिशोबाने तीन-चार महिने आधी टाका.